भिंतीमागं कोन झोपते?

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी मला काडतुसं दिली नाहीत. दुसऱ्या दिवशीही दिली नाहीत. त्यांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात डब्यांची चळत उघड दिसत होती, आणि ते माझ्या तोंडावर सांगत होते, "स्टॉक नाई बाई."

"मग ते काय आहे?"

"ते हाय. तुमच्यासाठी नाई."

मी डॉक्टर. सक्करदऱ्याला तलावाच्या रस्त्यावर माझं चार खाटांचं प्रसूतिगृह होतं. परवाना पर्समध्ये होता, त्यावर कचेरीचा शिक्का होता, आणि नकार ऐकायची मला सवय नव्हती. मी तणतणत बाहेर पडले. पण नागपुरात दुसऱ्या कुठल्या दुकानात जावं, हेही मला ठाऊक नव्हतं. शिवाय ज्या फौजदारांनी मला परवान्याचा सल्ला दिला, त्यांनीच बजावलं होतं, "काडतुसं मिस्त्रीकडूनच घ्या. डोकं खाईल, पण घ्या."

सीताबर्डीच्या मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. फौजेत वीस-बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून ते मिस्त्री. साठीकडे आलेले, वाळक्या बांध्याचे. खाकी अर्ध्या बाह्यांचा सदरा, नाकाच्या टोकावर चष्मा. बोटांच्या पेरांत तेल इतकं मुरलेलं, की धुऊनही जात नसे. आणि धूत मात्र सारखे. काडतुसाला हात लागला की माती लावून तीन वेळा हात धुवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचे. "शिसं पोटात गेलं तं गोळीपेक्षा सावकाश मारते," म्हणायचे.

दुकानात बुद्धाची मोठी तसबीर होती. छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली होती. नवं गिऱ्हाईक हटकून विचारी, "मिस्त्री, बुद्धाच्या फोटोखाली गोळ्या विकता?" मिस्त्री हातातलं काम न थांबवता म्हणत, "म्हणून तं इचारून इकतो. बाकीचे न इचारता इकतात."

विचारायचे तेही असे, की फौजदारानं आरोपीला विचारावं. कोणासाठी पाहिजे? घरात माणसं किती? दारू कोण पितं? रात्री पाणी प्यायला कोण उठतं? आणि शेवटी हमखास, "भिंतीमागं कोन झोपते?" एकदा माझ्या देखत एक लाकडाचा ठेकेदार आला. मिशीवर हात फिरवत म्हणाला, "मिस्त्री, अशी गोळी द्या, की समोरचा परत उठला नाही पाहिजे."

"समोरचा म्हंजे कोन?"

"कोणीही."

"कोनीहीवाली गोळी नाई आपल्यापाशी," मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या बंदुकीच्या नळीत चिंधी घालायला लागले. ठेकेदार शिव्या घालत गेला. मिस्त्रींनी मान वर केली नाही.

ज्याला द्यायचं त्याला मात्र असं द्यायचे, की सोनारानं पोरीच्या लग्नाचा दागिना द्यावा. पितळी वाटीत फलाणीचा तुकडा, त्यावर काडतुसं. एकेक उचलून उजेडात फिरवायचे, नाकाशी न्यायचे, सोनाराच्या तराजूत तोलायचे. गुंजभर फरक आला की ते बाजूला. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की वाटी उचलून आत ठेवायचे. "तुमाले घाई हाय. घाईवाल्याले हे देत नसतात."

तिसऱ्या दिवशी मी गेले ती वेगळ्या अवस्थेत. त्याचं कारण सांगायला हवं.

त्याआधी चार महिन्यांपूर्वी एक सात महिन्यांची गरोदर मुलगी माझ्याकडे आणली होती. साठ टक्क्यांहून जास्त भाजलेली. सासरचे सावनेरकडचे, ट्रकांचा धंदा, घरचा दबदबा. त्यांनी सांगितलं, स्टोव्ह भडकला. मोठ्या दवाखान्याची गाडी येईपर्यंत मुलगी माझ्या टेबलावर होती. तिनं माझा हात धरला आणि सांगितलं, स्टोव्ह नव्हता. सासऱ्यानं धरलं, दिरानं ओतलं. मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, माझी आया चंद्राबाई साक्षीला होती. पहाटे मुलगी गेली. कागद पोलिसांकडे गेला, पोलिसांकडून कोर्टात. आणि मी त्या खटल्यातली मुख्य साक्षीदार झाले.

मग एक जीप माझ्या दारासमोर उभी राहायला लागली. कोणी काही बोलत नसे. ड्रायव्हरच्या जागेवर लाल गमछा गळ्यात घातलेला एक धिप्पाड माणूस बसून असे आणि माझ्या फाटकाकडे बघत राही. पेशंट बाया घाबरून येईनाशा झाल्या. वडील जंगलखात्यात होते. त्यांचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर वारसानं माझ्याकडे आलं होतं. ते मी ट्रंकेतून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडायला गेले, तर कडीला एक लुगडं बांधलेलं होतं. अर्धं जळालेलं.

मी तशीच रिक्षानं मिस्त्रींकडे गेले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कोनासाठी पायजे?"

आदल्या दोन्ही दिवशी मी ऐटीत म्हटलं होतं, "संरक्षणासाठी." त्या दिवशी म्हणाले, "मिस्त्री, मला भीती वाटते. मला रात्री झोप येत नाही."

त्यांनी चष्मा काढला. स्टूल पुढं सरकवलं. "आता बसा," म्हणाले. "आता बोलू."

*

वडिलांच्या डब्यात अकरा जुनी काडतुसं होती. मिस्त्रींनी ती वाटीत ओतली. पितळेवर हिरवट पुटं चढली होती.

"ही चालतील ना?"

"चालतीन बी, नाई बी. तुमच्या जिवाचा मामला हाय, तं पाहून घेऊ."

रविवारी सकाळी त्यांनी मला हुडकेश्वरकडे बोलावलं. तेव्हा तिकडे सगळी शेतं होती आणि मधे एक सोडून दिलेली मुरमाची खदान होती. मिस्त्री सायकलवर पुढे, मी रिक्षात मागे. खिशात पोलीस ठाण्याची लेखी परवानगी, आणि सायकलच्या कॅरिअरला दोन मडकी बांधलेली.

आधी वडिलांची काडतुसं. त्यांनी मला मुरमाच्या ढिगासमोर उभं केलं, मूठ कशी धरायची ते दाखवलं. मी चाप ओढला. टक् असा आवाज झाला, बाकी काही नाही. मी हात खाली आणणार, तोच मिस्त्रींनी माझं मनगट जागच्या जागी पकडलं.

"हलू नका. धा मोजा."

मी दहा मोजले. काही झालं नाही. दुसरं उडालं. तिसरं उडालं. चौथ्याला पुन्हा टक्. त्यांचा हात पुन्हा माझ्या मनगटावर. मी "एक" म्हणायला तोंड उघडलं, आणि रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दणकलं. मुरमाची धूळ उडाली.

"पाहिलं? जे उडत नाई ते बरं. जे उडते ते बी बरं. हे मधातलं मानूस खाते," मिस्त्री म्हणाले. "बाई थांबली, म्हनली उडालं नाई, नळी भलतीकडं गेली, अन् मंग हे उडालं." सहा झाडली, त्यांतली दोन फुसकी निघाली आणि एक दगाबाज. उरलेली पाच त्यांनी रुमालात बांधून स्वतःच्या खिशात टाकली. मला परत दिली नाहीत.

मग त्यांनी एक लाकडी फळी मुरमाच्या ढिगासमोर उभी केली. फळीमागे हातभर अंतरावर पाणी भरलेलं मडकं ठेवलं. डब्यातून तीन तऱ्हेची नवी काडतुसं काढली. एक तांब्याच्या कवचाचं, टोकदार. एक नुसत्या शिशाचं, गोल तोंडाचं. तिसरं सपाट तोंडाचं, निशाणेबाजीच्या शौकिनांसाठी येतं ते. "हे हळू जाते," म्हणाले. "फळीवर मारा."

तांब्याचं फळीतून गेलं आणि मडकं फुटलं. त्यांनी दुसरं मडकं ठेवलं. शिशाचं गेलं, मडकं फुटलं. त्यांच्याकडे मडकी संपली होती. त्यांनी खालचं, जरा कमी फुटलेलं बूड घेतलं, फळीमागे ठेवलं. सपाट तोंडाचं झाडलं. फळीच्या मागच्या बाजूला मोठी खपली निघाली आणि बुडाचे दोन तुकडे झाले.

मी म्हणाले, "मग कुठलं घेऊ?"

त्यांनी मातीचा एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला. "तुमच्या दवाखान्यात भिंत कायची हाय?"

"पुढच्या खोलीत आणि वॉर्डात मधे प्लायचा पडदा आहे."

"हे मडकं नाई बाई. हे तुमची बाळंतीण हाय."

मी तो तुकडा हातात धरून उभी राहिले. ज्या बायांना वाचवायला म्हणून मी हे घेणार होते, त्यांच्यामधे आणि त्या नळीमधे पाव इंच प्लाय होतं, हे मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

परतताना मी धीर करून विचारलं. नागपुरात त्यांच्याबद्दल बऱ्याच कहाण्या होत्या. कोणी म्हणे, त्यांच्या मुलाला घरातलीच गोळी लागली. कोणी म्हणे, त्यांनी विकलेल्या काडतुसानं एकानं आपल्या भावालाच चोर समजून मारलं. "मिस्त्री, तुम्ही इतकं विचारता, ते काही झालं होतं म्हणून का?"

ते सायकलवरून उतरून माझ्या रिक्षाबरोबर चालायला लागले होते. हसले. "सगळे हेच इचारतात. काईच झालं नाई बाई. माझी पोरं ठनठनीत हायेत. होऊ नये म्हणून इचारतो. झाल्यावरच इचारा लागते का?"

*

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. मी त्यांना चहा विचारला, तर म्हणाले, "आधी घर पाहू द्या." पावलांनी खोली मोजली. प्लायवर बोटाचं पेर वाजवलं, आत दोन बाळंतिणी होत्या त्यांच्याकडे डोकावून बघितलं आणि पटकन मागे आले. दारातून बाहेर बघितलं: रस्ता, पोरं, पानठेला. शेवटी उजव्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर तळवा ठेवला. ती काळ्या दगडाची होती, हातभर जाडीची. तिच्याशी कापसाचं आणि औषधांचं कपाट.

"पूर्ण घरात हे एकच भिंत कामाची हाय."

त्यांनी खिशातून खडू काढला आणि डाव्या बाजूला, माझ्या टेबलापासून दोन पावलांवर, फरशीवर एक फुली मारली. "इथं उभं राहायचं. मानूस अन् दगडाची भिंत एका रेषेत आली तं. दारात असला तं नाई, त्याच्या मागं रस्ता हाय. प्लायसमोर असला तं बिलकुल नाई, मंग तो काई बी करो."

"काहीही करो? मारायला आला तरी?"

"तरी बी," मिस्त्री म्हणाले. "तुमी एक हा. आत चार जीव हायेत."

चंद्राबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मंग ते बंदूक घेऊन फायदा काय, वो मिस्त्री?"

"फायदा काई नाई," ते म्हणाले. "तोटा कमी."

त्यानंतर त्यांनी मला सपाट तोंडाची, हळू जाणारी काडतुसं दिली. वाटीतून, एकेक तोलून. रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांत पाचच भरायची, ठोकणारा घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, म्हणजे हातातून पडलं तरी उडत नाही. आठवड्यातून एकदा ते संध्याकाळी येत, रिव्हॉल्व्हर रिकामं करून मला त्या फुलीवर उभं करत आणि स्वतः खोलीभर फिरत. दारात थांबत. "आता?" मी म्हणे, "नाही." प्लायसमोर. "आता?" "नाही." कपाटाशी. "आता?" "हो." खडूची फुली चंद्राबाईनं पोतेऱ्यानं कधीच पुसून टाकली होती, पण माझ्या पायांना ती जागा पाठ झाली.

जीप मधून मधून येतच होती.

*

होळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ. आत दोन बाळंतिणी, त्यांची दोन बाळं. चंद्राबाई मागच्या अंगणात पाणी तापवत होती. मी टेबलाशी बसून नोंदी लिहीत होते. तो दारातून आत आला तेव्हा आधी मला वास आला. रॉकेलचा आणि दारूचा.

लाल गमछा. हातात डबा. तो सरळ प्लायच्या पडद्याशी गेला आणि त्याच्या बुडाशी रॉकेल ओतत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मग पडद्याला पाठ लावून माझ्याकडे वळला.

"बाई, बयान बदलता का? मालकानं शेवटचं इचारलं हाय."

माझा हात कोटाच्या खिशात गेला होता. तिथं ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरची मूठ हाताला लागली. त्याच्या मागे प्लाय. प्लायमागे एक बाळ रडायला लागलं. हात खिशातच राहिला.

मी काय बोलले ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं, कारण ते मी विचार करून बोलले. "तुझ्या मालकाला बयान नको आहे. कागद पाहिजे. तिनं सांगितलेलं मी ज्याच्यावर लिहिलं तो. कोर्टात नक्कल आहे. अस्सल माझ्याकडे आहे."

हे खोटं होतं.

"कुठं हाय?"

"त्या कपाटात. खालच्या खणात."

"तुमी काढा."

"माझे हात बघ," मी डावा हात पुढे केला. तो खरंच लटलटत होता. "तूच काढ आणि जा. आत ओल्या बाळंतिणी आहेत."

त्यानं पडद्याकडे एकदा वळून बघितलं. मग डबा खाली ठेवला आणि कपाटाकडे गेला. मी उठले. दोन पावलं टाकली आणि त्या जागेवर उभी राहिले.

त्यानं खण ओढला. कापसाचे गुंडाळे, बँडेजं, हातमोजे. सगळं उपसून फरशीवर टाकलं. मग तो उभा राहिला, वळला. पाठीमागे काळा दगड. "फसवून राहिल्या का बाई?" म्हणाला आणि खिशातून आगपेटी काढली.

मी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. "आगपेटी टाक. खाली टाक."

पहिली काडी ओढताना मोडली. तो माझ्याइतकाच घाबरलेला होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "तुमी नाई मारनार," तो म्हणाला. "तुमी डाक्टर हा."

दुसरी काडी पेटली. त्यानं हात प्लायच्या दिशेनं मागे नेला आणि मी चाप ओढला.

आवाजानं माझे कान बंद झाले. मी आधी त्याच्याकडे बघितलंच नाही, पडद्यामागे धावले. दोन्ही बाया भिंतीला चिकटून बसल्या होत्या, बाळं छातीशी. बाळांची तोंडं उघडी होती आणि आवाज येत नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं. एकाच्या छातीवर हात ठेवला तेव्हा कळलं, ते रडतंय, मलाच ऐकू येत नाही.

बाहेर आले. काडी रॉकेलच्या ओघळापासून वीतभर अलीकडे पडून विझली होती. चंद्राबाई बादलीनं पाणी ओतत होती. तो दगडी भिंतीशी बसला होता आणि आपल्या डाव्या खांद्याकडे बघत होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा. मी त्यानंच उपसलेला कापूस उचलला आणि त्याचा खांदा दाबून धरला. तेव्हा माझे हात थरथरत नव्हते.

*

तो वाचला. गोळी खांद्याच्या हाडाशी अडकली होती. पोलिसांनी माझा जबाब घेतला, बाळंतिणींचा घेतला, प्लायवरचं रॉकेल पाहिलं. माझ्यावर खटला झाला नाही. सगळे म्हणाले, बाईनं हिंमत केली. मिस्त्री मात्र आले नाहीत.

आठवड्याभरानं मोठ्या दवाखान्यातल्या एका नर्सनं मला सांगितलं, "मॅडम, तुमच्या त्या माणसाकडे एक म्हातारा रोज डबा घेऊन येतो."

मी गेले. खाटेशी पोलीस बसला होता आणि दुसऱ्या बाजूला स्टुलावर मिस्त्री. पितळी डब्यात वरण-भात. मला पाहून त्या माणसानं मान फिरवली. मिस्त्री उठून माझ्याबरोबर व्हरांड्यात आले.

"तुम्ही इथं का?"

"गोळी माझी हाय," ते म्हणाले. "पाहाले नको?"

पहिल्या दिवशी तो खातच नव्हता. त्याला वाटलं, बाईनं विष घालून माणूस पाठवला. मग मिस्त्रींनी निम्मा डबा त्याच्यासमोर स्वतः खाल्ला. मालकाकडून एकही माणूस त्याला बघायला आला नव्हता. बायको सावनेरहून दर दोन दिवसांनी यायची, कडेवर दीड वर्षाचं पोर घेऊन.

मला ते सारं ऐकवेना. मी म्हणाले, "मिस्त्री, तो प्लायसमोर उभा होता. मीच खोटं बोलून त्याला कपाटाशी नेला. मारता यावं म्हणून नेला."

"ठाऊक हाय. चंद्राबाईनं सांगितलं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ते जागा मीच दाखवली होती ना."

दोन महिन्यांनी त्या माणसानं जबाब दिला: मालकानं पाठवलं, मालकानंच डबा दिला. का दिला, मला माहीत नाही. मिस्त्रींच्या वरण-भातामुळे, असं मी म्हणणार नाही. मालकानं वाऱ्यावर सोडलं, त्याचा रागही असेल.

सेशन्स कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांनी मला उलटतपासणीत दोन दिवस सोललं. डॉक्टर पिस्तूल बाळगते, गरीब ड्रायव्हरवर गोळी झाडते, असल्या बाईचा कागद कसा खरा मानायचा? काडतुसांची विक्री कशी झाली, हे विचारायला त्यांनी मिस्त्रींनाही बोलावलं. धुतलेला पांढरा सदरा घालून मिस्त्री पिंजऱ्यात उभे राहिले.

"एका बाईच्या हातात तुम्ही काडतुसं दिलीत. माणूस मेला असता तर?"

"मेला असता, साहेब."

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य नसतं तं मडकी फोडून काहून दाखवली असती?"

कोर्टात थोडा हशा पिकला. वकील चिडले. "आणि अजूनही अशीच विक्री चालू आहे तुमची?"

"नाई. माल अन् परवाना, दोनी मागच्या महिन्यात कचेरीत जमा केले."

हे मला तिथंच पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी कोर्टाबाहेर कडुनिंबाखालच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. जामिनावर सुटलेला तो माणूसही साक्षीसाठी आला होता. पलीकडे पायरीवर बायकोपोरासह बसला होता. डावा हात मांडीवर निर्जीव ठेवलेला.

"मिस्त्री, दुकान का बंद केलं? मी तुम्ही सांगितलं तसंच केलं. पडद्यामागं कुणाला ओरखडासुद्धा आला नाही."

"म्हणूनच." त्यांनी बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत. "तुमी चुकल्या असत्या तं मी म्हटलं असतं, आपलं शिकवनं कमी पडलं. अजून शिकवलं असतं. तुमी तं काईच चुकल्या नाई. गोळी बरोबर, जागा बरोबर, येळ बरोबर. तरी तो मानूस आता आपलं पोट्टं उचलू शकत नाई." बशी टपरीच्या फळीवर ठेवली. "आता मी गिऱ्हाइकाले काय इचारू? माझ्यापाशी इचाराले काई उरलं नाई."

मी म्हणाले, "मग मीही रिव्हॉल्व्हर जमा करून टाकते."

"केस संपली का तुमची?"

"नाही. सुटले तर परत येतील. शिक्षा झाली तरी भाऊबंद आहेत."

"रस्त्यावर जीप दिसते का?"

"परवा दिसली. दुसरी होती."

"मंग ठेवा," मिस्त्री म्हणाले. "मी सोडलं, ते माझं मी पाहीन. तुमाले सोडून चालन का?"

त्यांनी चहा एका घोटात संपवला आणि पायरीकडे गेले. त्या माणसाशी काही बोलले, वाकले, आणि झोपलेलं पोर त्याच्या बायकोच्या हातातून आपल्या खांद्यावर घेतलं. सावनेरची गाडी सुटायला थोडाच वेळ होता. तिघंही भराभर चालत स्टँडच्या रस्त्याला लागले. मी पर्स छातीशी धरून, आजूबाजूच्या गाड्यांकडे बघत, रिक्षाची वाट पाहत उभी राहिले.